ऐनाची पाचर

कोन मोडला तेव्हा आवाज काही मोठा झाला नाही. ओली काटकी मोडावी तेवढाच. पण पुंडलिक वेळीपाचा हात खांद्यापर्यंत खड्ड्यात होता, आणि तो तसाच आडवा पडून राहिला. हात बाहेर काढायचा त्याला धीर होईना.

"काय झालं?" त्याच्या बायकोनं, बायजानं, वरून विचारलं.

"माती कडक हाय औंदा," तो म्हणाला.

माती कडक नव्हती. बायजानं आदल्या दिवशीच दोन घागरी पाणी ओतून ती लोण्यासारखी केली होती. तिनं खड्ड्यातून वर आलेले दोन तुकडे पदराला पुसले आणि टोपलीत ठेवले.

कोन म्हणजे जमिनीत वाढणारा कंद, कोनफळाचा थोरला भाऊ म्हणा ना. जोयड्याच्या डोंगरात घरोघरी लावतात. वेल वाळला की बाजूनं पहारीनं खणत जायचं, आणि शेवटची वीतभर माती नुसत्या बोटांनी चाचपत काढायची, कारण कंदाचं टोक खाली कुठं वळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. मोडला तरी खायला काही वाईट लागत नाही. पण जानेवारीत जोयड्याला कंदांचा मेळा भरतो, आणि तिथं मोडका कोन मांडणं म्हणजे सगळ्या तालुक्यासमोर हसं करून घेणं. गुंद गावाच्या पलीकडच्या त्या अकरा घरांच्या वाडीचा कोन सतरा वर्षं पुंडलिकच काढत होता. एकदाही मोडला नव्हता. त्याच्या बोटांना डोळे आहेत असं लोक म्हणायचे, आणि तोही ते नाकारायचा नाही.

आज त्या बोटांना टोक लागलंच नव्हतं. ती मातीत आहेत की कंदावर, हेच त्याला कळलं नव्हतं. आपण माती उकरतोय असं समजून तो कंदच ओढत होता. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. वाडीत विचारलं त्या प्रत्येकाला त्यानं औंदाच्या मातीबद्दल मोठं व्याख्यान दिलं.

पुंडलिक हा वाडीतला हुशार माणूस. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं, आणि वाडीनं कधी वाद घातला नाही, कारण पाण्याच्या पंपापासून गिरणीच्या पट्ट्यापर्यंत काहीही बिघडलं की तोच उपयोगी पडायचा. सहा वर्षांपूर्वी वाडीत गवत कापायचं पहिलं मशीन आलं तेही त्याचंच. पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं, लांब दांडा, खाली गरगरणारं पातं. पावसाळा सरला की लोकांच्या सुपारीच्या बागा साफ करायच्या, आणि थंडी पडली की कुळगीच्या अंगाला जंगलात फायर लाईन काढायची. उन्हाळ्यात वणवा पलीकडे जाऊ नये म्हणून गवत-झुडपं कापून मोकळा पट्टा ठेवतात, ती फायर लाईन. त्या कामात पुंडलिकाच्या पुढे जाणारा कुणी नव्हता. दुसरे चहा प्यायला बसले तरी हा थांबायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी मशीनची मूठ हलायला लागली. मूठ दांड्याला जिथं धरली जाते तिथलं रबरी बुश झिजून गेलं होतं. आता त्यासाठी रामनगरला कोण जाणार? पुंडलिकानं ऐनाच्या लाकडाची नामी पाचर तासली, बुशाच्या जागी ठोकली, वरून तार आवळली. मूठ अशी घट्ट बसली की हलायचं नाव नाही. ह्या कारागिरीवर तो इतका खूश झाला, की वाडीतल्या बाकीच्या चार मशीनांनाही त्यानं हौसेनं तशाच पाचरी मारून दिल्या. नवं रबर होतं तेही काढून. पहिली मारली ती गुणाच्या मशीनला. गुणा म्हणजे बायजाचा धाकटा भाऊ, त्याच वाडीत राहणारा.

"मूठ हलली न्हाई की मशीन आपल्या ताब्यात," तो सगळ्यांना शिकवायचा. आणि स्वतः ती मूठ अशी आवळून धरायचा, जसं काही मारक्या बैलाचं शिंग धरलंय.

लाकडाच्या डेपोतल्या साहेबांनी एकदा सगळ्यांना जाड हातमोजे दिले होते, तळव्याला चामडं लावलेले. पण मशीनला तर दसऱ्याला कुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, नारळ फुटायचा. चपला काढून ज्याला हात लावायचा, त्याला चामड्यानं धरायचं कसं? वाडीतल्या एकानंही ते मोजे घातले नाहीत. पुंडलिकाचे खुंटीला लटकत होते आणि त्यांच्यामागे एका पालीनं सुखानं संसार मांडला होता.

गेल्या थंडीत पहिल्यांदा त्याच्या मधल्या बोटाचं टोक पांढरं पडलं. मोटरसायकलवरून कामाला जाताना. थंडीनं झालं असेल, असं म्हणून त्यानं हात काखेत दाबले. ह्या थंडीत चार बोटं दुसऱ्या पेरापर्यंत सोललेल्या मुळ्यासारखी व्हायला लागली. रक्त परत यायचं तेव्हा सुया टोचायच्या. सदऱ्याची बटणं लागेनात, म्हणून तो गळ्यातून घालायचे बनियनसारखे शर्ट वापरायला लागला. सेहेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याला फॅशन सुचली असं बायजाला वाटलं होतं.

कोन मोडल्यावर चार दिवसांनी, सकाळी कामाला निघण्याआधी पुंडलिक चुलीपुढे शेकत बसला होता. बायजा भाकरी थापत होती. तिला कसलासा वास आला. भाकरी तर करपली नव्हती. तिनं मान वळवली आणि पाहिलं, तर नवऱ्याचं बोट चुलीवरच्या तापल्या तव्याच्या कडेला टेकलेलं होतं, आणि तो खुशाल दाराबाहेर बघत गुणाची वाट पाहत होता.

तिनं पिठाच्या हातानंच त्याचं मनगट ओढलं. बोटाला पांढरा फोड आला होता. पुंडलिक त्या फोडाकडे दुसऱ्याचं बोट असल्यासारखा पाहत राहिला.

बायजानं तवा उतरवला, हात धुतले, आणि समोर येऊन बसली. "डोळे मिटा," ती म्हणाली.

"कशाला?"

"मिटा म्हनते न्हवं."

त्यानं मिटले. तिनं त्याच्या बोटांच्या टोकांत काहीतरी ठेवलं. "काय हाय?"

पुंडलिकानं बोटं चोळून पाहिली. "मिरी."

ते सदऱ्याचं बटण होतं. तिनं आणखी एकदा विचारलं, "आता?" "आता पन मिरीच," तो म्हणाला. ती कोकमाची बी होती. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा त्यानं बराच वेळ चोळलं आणि म्हणाला, "बटण असंल."

तिसऱ्या वेळी तिनं काहीच ठेवलं नव्हतं.

त्यानं डोळे उघडले तेव्हा बायजा रडत होती. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि तिला असं रडताना त्यानं दोनदाच पाहिलं होतं. "कवापासनं?" तिनं विचारलं.

"गेल्या थंडीपासनं."

"आनि मला आज कळतंय," ती म्हणाली. मग तिनं डोळे पुसले, लुगडं बदललं आणि खुंटीवरची पिशवी घेतली. "उठा. जोयड्याला जायाचं दवाखान्यात."

दवाखान्यात रेश्मा नावाच्या डॉक्टरबाई होत्या, बेळगावकडच्या. त्यांनी बोटं दाबून पाहिली, गार पाण्यात बुडवायला लावली, ती पांढरी होताना बघत राहिल्या. "काम काय करता?"

"शेती," पुंडलिक म्हणाला.

"मशीन," बायजा म्हणाली. "गवताचं. दिवसाला सात-सात तास."

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. मशीनच्या थरथरीनं बोटांतल्या बारीक नसा आणि रक्ताच्या वाहिन्या दुखावतात, त्यांनी सांगितलं. थंडी लागली की वाहिन्या आकसतात, रक्त पोचत नाही, बोट पांढरं पडतं. नसा दमल्या की स्पर्श जातो. बिडी ओढता का? ओढत असाल तर ती वाहिन्या आणखी आवळते.

"परत येतंय काय, बाई?" पुंडलिकानं विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की बायजानं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"वेळेवर आलात असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण फार उशीरही झालेला नाही. हा हंगाम मशीनला हात लावायचा नाही. हात गरम ठेवायचे, बिडी सोडायची. थोडी जाण परत येईल अशी मला आशा आहे. सगळी येईल असं मी लिहून देणार नाही. आणि हे असंच चालू ठेवलंत, तर गेलेली पुन्हा मिळणार नाही." मग कागदावर लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "ते मशीन एकदा मेकॅनिकला दाखवा. एवढं थरथरायला नको."

बिडीचं पुंडलिकाला वाईट वाटलं, हंगाम जाणार त्याचं वाटलं, पण मनाला लागलं ते हे शेवटचं वाक्य. आपलं मशीन आणि थरथरतं? वाडीत त्याच्याइतकी घट्ट मूठ कुणाच्या मशीनची होती?

दुसऱ्या दिवशी गुणानं दोन्ही मशीनं मोटरसायकलला बांधली, दाजींना मागे बसवलं, आणि दोघं रामनगरला किरण मेकॅनिकच्या दुकानात गेले. किरण मूळचा खानापूरचा, तिशीतला, कमी बोलणारा. त्यानं पुंडलिकाच्या मशीनची तार कापली, कड्याचे स्क्रू सोडले आणि तेलानं काळी झालेली पाचर पकडीनं उपटून बाहेर काढली. ती तळहातावर ठेवून तो बराच वेळ बघत राहिला.

"ही कुनी मारली?"

"दाजींनी," गुणा छाती काढून म्हणाला. "आमच्या वाडीतल्या सगळ्या मशीनांना तेनीच मारलीया. आमचे इंजिनियर हायत."

किरण हसला नाही. त्यानं टपरीवरचा चहाचा कागदी कप उचलला. गुणाचं मशीन अजून खोललेलं नव्हतं. ते चालू करायला लावलं आणि पाचर मारलेल्या मुठीला कपाचं बूड टेकवलं. चहा उडून त्याच्या मनगटावर सांडला, अर्धा कप रिकामा झाला. मग त्यानं पुंडलिकाच्या मशीनला नवं रबर बसवलं, ते चालू केलं, आणि उरलेला चहा त्या मुठीला टेकवला. चहावर नुसती बारीक लहर उठली.

"बगितलासा न्हवं, मामा? मूठ थोडी हलायलाच पायजे," तो मशीन बंद करून म्हणाला. "इंजिनाची थरथर तितंच मरावी म्हनून रबर दिलेलं असतंय. तुमी लाकूड मारून ती सरळ तळहातात सोडलीसा. वरनं तुमी धरतासा आवळून. जितकं आवळाल तितकी आत शिरतीया." मग त्यानं पात्याला टिचकी मारली. "आनि ह्याचे तीन दात गेल्यात. एका अंगाला जड झालंय, म्हनून आनि हादरतंय."

पुंडलिकाचं तोंड उघडं राहिलं होतं. ते मिटावं म्हणून काहीतरी बोलायचं तो शोधत होता, तेवढ्यात त्याचं लक्ष गुणाकडे गेलं. गुणा आपल्या डाव्या हाताकडे बघत होता.

"दाजी," गुणा म्हणाला, "माजी पन दोन बोटं सकाळची पांढरी हुत्यात. करंगळी आनि तिच्या शेजारची. कायच कळत न्हाई त्येंच्यात. मी म्हनलो थंडीनं असंल."

स्वतःच्या चार बोटांचं पुंडलिकाला जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं त्या दोन बोटांचं वाटलं. गुणानं त्याच्याकडे विश्वासानं मशीन आणून दिलं होतं. त्यात चांगलं रबर होतं. ते ह्यानं स्वतः काढून ओढ्यात फेकलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती.

घरी परतल्यावर त्यानं बायजाला सगळं सांगितलं. न सांगता भागलं असतं, असा विचार रस्त्यात त्याच्या मनात येऊन गेला होता, हेही सांगून टाकलं. बायजाच्या हातात सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"माज्या भावाची बोटं," ती म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "गुण्याला त्या मेकॅनिकनं सांगितलं. बाकी तिगांना तुमी सांगा. तुमच्या तोंडानं."

तीन घरं, आणि दोन घरांत शंभर पावलांचंही अंतर नाही. पण परशूच्या अंगणात पोचायला पुंडलिकाला अर्धा दिवस लागला. हातात पाना आणि नवं रबर. परशूला वाटलं हा काहीतरी नवी युक्ती घेऊन आला.

"पाचर काढाय आलोय," पुंडलिक म्हणाला. "माजं चुकलं."

"चुकलं? मूठ कशी दगडागत बसलीया. ऱ्हाऊ दे की."

पुंडलिकानं त्याच्यापुढे हात धरला. फोड आता काळा पडला होता. तव्याला बोट लागलं आणि कळलं नाही, हे त्यानं सांगितलं. कोन मातीनं मोडला नाही, हेही सांगितलं. परशू आधी हसला, मग हसू आवरून त्यानं स्वतःची बोटं एकमेकांवर घासून पाहिली, आणि आत जाऊन मुकाट्यानं मशीन घेऊन आला. नागराज आणि गणपतीच्या घरी मग इतकं बोलावं लागलं नाही. बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

आठवड्यानं कुळगीच्या रस्त्याकडची लाईन सुरू झाली. गुणालाही डॉक्टरबाईंनी मशीन बंद सांगितलं होतं. तेव्हा हे दोघे दाजी-मेव्हणे बायकांबरोबर पालापाचोळा ओढायला. लोकांनी टिंगल करायची ती केलीच. पण कामाची रीत आता पुंडलिकानं घालून दिली. सकाळी आधी शेकोटी, हात गरम झाल्याशिवाय मशीनची दोरी ओढायची नाही. पातं रोज घासायचं. वीस मिनिटं झाली की मशीन दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि पहिल्यानं पाला ओढायचा. वेळ झाली की पुंडलिक डबडं बडवायचा.

"चिमनी धरल्यागत धरा," तो सांगायचा. "उडू नये आनि मरू बी नये."

हातमोज्यांचं घोडं मात्र अडलं. चामडं नको, असं परशू म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाला ओढणारी बायजा तिथंच उभी होती. "देवळात घुमट वाजवतासा," ती म्हणाली, "ते मडकं काय केळीच्या पानानं मढवलेलं असतंय? घोरपडीचं कातडंच की त्येला."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात मोजे होते. पुंडलिकाच्या खुंटीवरच्या पालीला बिऱ्हाड हलवावं लागलं, कारण ते मोजे परशू घेऊन गेला. मोज्यानं सगळी थरथर थांबत नाही, पण हात उबदार राहतात, एवढं किरणनं सांगितलं होतं.

जंगलखात्याच्या गार्डानं कुरकुर केली, हे असं थांबत थांबत चाललं तर लाईन कधी संपणार. संपली ती ठरल्याच्या दोन दिवस आधी. धारदार पात्यानं आणि न दमलेल्या हातांनी गवत भराभर पडत होतं, हे पुंडलिकाला कळलं, आणि आपण सहा वर्षं काय करत होतो ह्याची त्याला लाज वाटली.

मेळ्याचा कोन बायजानं काढला. तो शेजारी पालथा पडून सूचना देत होता, तेव्हा तिनं एकदाच "जरा गप ऱ्हावा" म्हटलं. कोन अख्खा निघाला. जोयड्याला लोकांनी विचारलं तेव्हा "बायकोनं काढला" हे त्याला पहिल्यांदा जड गेलं. संध्याकाळपर्यंत मात्र तो न विचारणाऱ्यांनाही थांबवून सांगत होता.

बोटं पांढरी पडणं कमी झालं. पण जाण येईना. रोज सकाळी गुणा दारावरून जाताना विचारायचा, "काय?" आणि पुंडलिक म्हणायचा, "न्हाई. तुजं?" गुणाही मान हलवायचा. फेब्रुवारी असाच गेला. बिडी सुटली होती, तीन वेळा धरून चौथ्यांदा. आपली गेली तर गेली, असं पुंडलिक मनात म्हणायला शिकला होता. पण गुणाच्या दोन बोटांपाशी आला की त्याला पुढं म्हणता यायचं नाही. गुणा अजून चाळिशीचाही नव्हता.

मार्चात एका दुपारी बायजाला चिगळ्यांची चटणी करायची होती. झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, त्या चिगळ्या. मीठ-मिरची घालून वाटल्या की आंबट झणझणीत चटणी होते. पुंडलिक आणि गुणा आंब्याखाली गेले. गुणानं फांदी वाकवली, पुंडलिकानं घरटं तोडलं, आणि ते भांड्यात पडायच्या आधीच त्याच्या हातात फुटलं; अर्धंच भांड्यात पडलं. मनगटापर्यंत हात लाल झाला.

"दाजी, झटका की," गुणा ओरडला.

पुंडलिक झटकायला गेला आणि थांबला. त्यानं हात डोळ्यांपुढे आणला. मधल्या बोटाच्या टोकावर एक चिगळी डोकं खुपसून बसली होती.

"चावतीया," तो म्हणाला.

"चावनारच की. झटका."

"आरं, चावल्याली कळतीया." त्यानं दुसरं बोट पाहिलं. तिथंही कळत होतं, अंधुक, जाड कापडावरून टोचल्यासारखं. अंगठ्याशेजारच्या बोटात काहीच नव्हतं. पण तीन बोटांत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते चिगळ्यांमुळं आलं नव्हतं.

गुणा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं फांदी सोडली, बाही वर केली आणि डाव्या हाताची दोन बोटं भांड्यातल्या घरट्यात घातली.

पुंडलिक श्वास रोखून उभा राहिला. मुंग्या गुणाच्या करंगळीवर चढल्या, पेरावर गोळा झाल्या. गुणाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. दोघेही त्या बोटांकडे बघत होते. "न्हाई, दाजी," गुणा हळू म्हणाला, "कायच न्हा—"

आणि त्यानं हात असा उपसला की भांडंच उलटलं. करंगळी तोंडात घालून तो जागच्या जागी उड्या मारायला लागला, आणि बहिणीच्या नवऱ्याला कधी देऊ नये अशी एक सणसणीत शिवी त्यानं पुंडलिकाला दिली.

पुंडलिकानं ती नीट ऐकून घेतली.

"गुणा," तो म्हणाला, "आनि एकदा दे."